आखाजीआधी तिसरा एसी लावायचाय, पण मेन एमसीबी पडतोय. सल्ला हवा

नमस्कार मंडळी. गाव अमळनेर तालुक्यातलं. खाली-वर स्लॅबचं घर, वरची पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही हाताला चटका देते. जुन्या धाब्याच्या घरात कूलरवर भागायचं, इथे नाही भागत.

सध्या दोन एसी आहेत. खाली 1.5 टनाचा इन्व्हर्टर, वर 1.5 टनाचा जुना साधा. तो सुरू झाला की ट्यूबलाइट डोळा मारते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ताई पोरांना घेऊन येणार म्हणून मधल्या खोलीसाठी 1 टनाचा आणला. तो अजून खोक्यातच आहे, कारण दोनच एसीवर मेन एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडायला लागलाय. रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री आठच्या सुमारास. मध्यरात्री कधीच नाही.

सिंगल फेज, बिलावर मंजूर भार 3 किलोवॅट. मेन एमसीबी 32 अँपिअरचा, डबा पश्चिमेच्या ओट्यावर. मीटरपासून आत 4 चौ. मिमी तांब्याची वायर. वरच्या मजल्याला खालच्याच बोर्डातून जोड दिलाय, कुठल्या वायरीने ते वायरमनलाही आठवत नाही. संध्याकाळी खालचा स्टॅबिलायझर 185 दाखवतो.

माझा हिशोब: तीन एसींचे 7, 8 आणि 5 मिळून 20 अँपिअर. मग 32 वर अडचण का? वायरमन म्हणतो, "भाऊ, 40 चा टाकून देतो, कटकट मिटेल." टाकू का?

प्रतिसाद 1
अजिबात नको. एमसीबी एसीसाठी नसतो, वायरीसाठी असतो. पाइपातून गेलेली 4 ची वायर सतत 40 अँपिअर सोसायची नाही, त्यात आपला मे महिना. 40 चा टाकलात तर तो पडणार नाही, वायर भाजेल.

तुमचे 20 अँपिअर 230 व्होल्टचे आहेत. 185 वर स्टॅबिलायझर दाब वाढवून देतो, पण त्यासाठी मागून जास्त करंट ओढतो. तेच 20 मग 25 च्या घरात जातात. शिवाय एमसीबीचे आकडे 30 अंश तापमान धरून ठरवलेले असतात. उन्हात तापलेल्या डब्यात तो 32 च्या आधीच पडू शकतो.

आणि आठ वाजता घरात आणखी काय चालू असतं?

धागाकर्ता
नळाचं पाणी! दोन दिवसांआड येतं, आठला. 1 एचपीची मोटर लावतो. त्याच वेळी इंडक्शनवर भाजी. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

प्रतिसाद 1
मग झालं की. दोन एसींचे 18-19, मोटरचे 6, इंडक्शनचे 9, फ्रिज-पंखे वेगळे. एमसीबीने काम चोख केलंय, त्याला शिव्या देऊ नका.

प्रतिसाद 2
मला काळजी वरच्या जोडाची वाटते. वरचा एसी चालू ठेवून वायरमनकडून मीटरजवळ आणि त्या एसीच्या पॉइंटवर व्होल्ट मोजून घ्या. दोन्हीकडे सारखेच कमी असतील तर दोष डीपीकडून (ट्रान्सफॉर्मरकडून) येणाऱ्या पुरवठ्यात. वर बरेच घटत असतील तर दोष तुमच्या भिंतीत. प्रत्येक एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र 4 ची वायर आणि स्वतःचा 20 चा सी टाइप (सुरू होतानाचा क्षणभराचा झटका सोसणारा) एमसीबी द्या. आर्थिंग तपासा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) नसेल तर बसवा. लाईट जाऊन आली की तिन्ही एसी एकदम उठू देऊ नका, तीन-चार मिनिटांच्या अंतराने लावा.

आणि 3 किलोवॅटवर तीन एसी कागदोपत्रीही बसत नाहीत, भार वाढवायचा अर्ज करा. थ्री फेज मिळालं तर प्रत्येक एसी वेगळ्या फेजवर घेता येईल.

धागाकर्ता
मोजलं. मीटरला 187, वर 175. एसी तेव्हा 9 अँपिअर घेत होता, म्हणजे शंभरेक वॅट भिंतीतच तापत होते. मेन बंद करून जिन्यातला डबा उघडला तर आत 1.5 ची वायर, पीळ देऊन जोडलेली, टेप काळी पडून कडक झालेली. त्याच्याच शेजारी पोरांच्या पतंगांचा ढीग असतो.

वायरमन सोमवारी नवी वायर ओढतोय, 40 चं नाव आता तोही काढत नाही. तोवर वरचा एसी बंद, पाणी भरेपर्यंत खालचाही. भाराचा अर्ज 5 किलोवॅटचा करू की 6 चा, हे कुणी सांगेल का? ताई सात दिवसांवर आलीय, आप्पांनी खाटा ओट्यावर काढल्यात.