कमाटीबागेचं क्षेत्रफळ जास्त का येतंय?

प्रश्न
बडोद्यातली सार्वजनिक मोकळी जागा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजतेय. बागांचे पॉलिगॉन (हद्दीचे बंद आकार) ओपनस्ट्रीटमॅपचे. खालच्या उपग्रहचित्राशी जुळावेत म्हणून 3857 मध्ये (वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण) सेव्ह केले आणि फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एरिया फंक्शन चालवलं. कमाटीबाग 113 एकर, म्हणजे साधारण 45.7 हेक्टर, माझं उत्तर 53 च्या वर जातंय. शिवाय, हिरवं दिसेल ते सगळं धरायचं का?

उत्तर 1
3857 ने घोटाळा केलाय. विषुववृत्तापासून लांब जावं तसं ते सगळं फुगवतं. बडोदा 22.3 अक्षांशावर, तिथे लांबी 8 टक्के आणि क्षेत्रफळ जवळजवळ 17 टक्के वाढतं. 45.7 ला 1.17 ने गुणा, तुमचाच आकडा येईल.

लेयर 32643 मध्ये (यूटीएम झोन 43, बडोद्याच्या पट्ट्याचं मीटरमधलं प्रक्षेपण) रिप्रोजेक्ट करा. नुसतं 'सेट लेयर सीआरएस' केलंत तर पाटी बदलते, आतले x-y निर्देशांक तेच राहतात. (ग्वाल्हेर मोजायचं झाल्यास 32644; ते 78 रेखांशाच्या पूर्वेला आहे.)

उत्तर 2
सगळं हिरवं धरू नका. लक्ष्मी विलास पॅलेसचं आवार वरून बागेसारखंच दिसतं, पण ते खासगी. एनडीव्हीआयच्या (उपग्रहचित्रातून हिरवाई मोजणाऱ्या आकड्याच्या) भरवशावर राहिलात तर ते आत येईल आणि पोरं रोज क्रिकेट खेळतात ते उघडं मातीचं मैदान बाहेर जाईल. कुणालाही आत जाता येतं का, हे प्रत्येक पॉलिगॉनला विचारा आणि उत्तर वेगळ्या रकान्यात भरा. टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) बागेसाठी राखलेला फायनल प्लॉटही जागेवर बाग उभी असेल तरच घ्या.

शाश्वत विकास उद्दिष्टांच्या 11.7.1 निर्देशांकात (शहरातल्या सार्वजनिक मोकळ्या जागेचं प्रमाण) रस्त्यांची जमीनही येते. लांबी गुणिले रुंदी केलं तर प्रत्येक चौक दोनदा मोजला जातो. रस्त्याच्या रेषेला निम्म्या रुंदीचा बफर (दोन्ही बाजूंचा पट्टा) द्या, मग डिझॉल्व्ह करा, म्हणजे एकमेकांवर आलेले पट्टे एक होतील. दुभाजकातली बाग बागांच्या यादीत असेल तर ती एकीकडून वजा करा.

उत्तर 3
पुढे 400 मीटर चालण्याचं अंतर काढाल तेव्हा बागेच्या मध्यबिंदूभोवती गोल मारू नका. कमाटीबागेएवढ्या बागेत निम्मा गोल बागेतच संपतो, आणि उरलेला विश्वामित्री ओलांडतो. माणसाला मात्र पूल शोधावा लागतो. प्रत्येक फाटकावर बिंदू टाका आणि 'सर्व्हिस एरिया' (ठरावीक अंतरात पोहोचता येणारे रस्ते काढणारं टूल) रस्त्यांच्या जाळ्यावर चालवा.

उत्तर रेषांमध्ये मिळतं, त्यांना 30-40 मीटरचा बफर दिला की वस्ती मोजता येते. एखादी गल्ली जवळ असूनही सुटली तर झूम करून बघा: बहुतेक वेळा तिची रेषा मुख्य रस्त्यापासून हातभर अलीकडे थांबलेली असते.