उपवनचा दुधीरस आणि बंद केलेली बीपीची गोळी

नौपाडेकर:
आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांची पोस्ट: "तीन महिने रोज उपवन तलावाच्या रसवाल्याकडे दुधी-कारल्याचा रस घेतो. बीपीची गोळी बंद केली. डॉक्टरांची दुकानं आता बंद होणार." खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे काही लिहिलं तर लिफ्टमध्ये तोंडं चुकवावी लागतील, म्हणून इथे ओकतोय.

रस प्या की! गोळी कशाला बंद करता? बीपी दुखत नाही. त्यामुळे गोळी सोडली तरी आपलं मस्त चाललंय असं वाटत राहतं. माझ्या सासऱ्यांनाही तसंच वाटलं. चार महिने तलावपाळीला फेऱ्या मारत होते. पाचव्या महिन्यात एका सकाळी कप हातातून सुटला. सासूबाई ओरडल्या, "लक्ष कुठंय तुमचं?" त्यांनी मान वर केली तर तोंड एका बाजूला गेलेलं. आज सदऱ्याची बटणं सासूबाई लावून देतात.

आणि दुधी म्हणजे गरीब भाजी हा समजही काढून टाका. 2010 मध्ये दिल्लीत सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेतले एक शास्त्रज्ञ कडू दुधीच्या रसाने गेले. त्यानंतर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितलं की आधी तुकडा चाखा, कडू असेल तर फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका. त्या विषावर उतारा नाही. आणि आपण मिसळतो काय, तर कारलं! मग दुधी कडू होता हे कळणार कसं?

येऊरचा_वारा:
आलं लेक्चर. तुमच्या सासऱ्यांचं वाईट वाटलं, पण त्यात आयुर्वेदाचा काय दोष? माझ्या आईला दिवसाला नऊ गोळ्या. गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, पोटाचा वेगळा, साखरेचा वेगळा. नऊच्या नऊ एकत्र कोणी बघितल्या नाहीत. कोपरीच्या एका वैद्यांनी पाऊण तास बसवून विचारलं, जेवता किती वाजता? मी साडेदहाला कामावरून येतो, ती तोवर थांबते. कोणी विचारलंच नव्हतं हो! आठला जेवायला लागली आणि जळजळ गेली.

बीपीचंच म्हणाल तर आयुर्वेदातली सर्पगंधा वनस्पती विसरू नका. तिने बीपी उतरतं हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणलं, तेव्हा कुठे जगाला पटलं. आपल्याच मुंबईचे डॉक्टर.

नौपाडेकर:
अहो, वकिलांनी पेशंटचं बीपी मोजलं! कॅनमधून पेला भरून "साहेब, महिनाभर घ्या" नाही म्हणाले. आणि त्याच सर्पगंधेतल्या रिसर्पिनने पुढे काहींना नैराश्य आलं, हेही मोजल्यामुळेच कळलं. आईचं जेवण आठला केलंत, उत्तम. नऊ गोळ्यांपैकी बंद किती केल्यात?

येऊरचा_वारा:
एक. पोटाची. तीही डॉक्टरला विचारून. झालं समाधान?

कळव्याची_केमिस्ट:
मी काउंटरच्या दोन्ही बाजूंचं विकते, तेव्हा मला शिव्या दोघांनी द्या. "नॅचरल आहे ना, मग साइड इफेक्ट नाही" हे दिवसातून दहादा ऐकते. कोविडात गुळवेलीचा काढा पाण्यासारखा प्यायले लोक. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृत बिघडलेले पेशंट नोंदवले, आयुष मंत्रालय म्हणालं की ती गुळवेल नव्हेच, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. असेलही. पण बाजारात जुडी घेताना तुम्हाला दोन्ही वेगळ्या ओळखता येतात का?

येऊरचा_वारा:
आम्हाला नाही, पण येऊरच्या आदिवासी बायकांना येतात. जूनमध्ये जांभळी नाक्याला शेवळं, ती पावसाळी रानभाजी, घेऊन बसतात ना? नुसती शिजवून खाल्लीत तर घसा खाजून जीव जाईल. त्यात काकडं, म्हणजे ती रानफळं, घालायची, हे कुठल्या लॅबने शोधलं?

पाचपाखाडीकर:
काकडं कशाला? चिंचेच्या कोळाने भागतं.

सीकेपी_सून:
भागतं?? चिंचेची शेवळं मी एकदाच खाल्ली, नंतर रात्रभर दही खात बसले होते. काकडं ठेचून त्यांचा रसच हवा. आणि दांड्याचा पिवळा भाग काढून टाकला होतात का? सासूबाईंनी पहिल्या वर्षी मला सुरीला हात लावू दिला नव्हता.

बेलापूरची_आगरीण:
शेवळांची भाजी काय फक्त सीकेपींची आहे का ग? आमची आजी सुकी कोलंबी घालून करायची, घसा कोणाचा धरला नाही.

सीकेपी_सून:
ताई, आजीने काकडं घातलीच असतील, तुम्हाला दिसली नसतील.

बेलापूरची_आगरीण:
माझ्या आजीचं तूच सांग आता मला!

पाचपाखाडीकर:
हळदीचं अमेरिकन पेटंट 1997 ला माशेलकरांच्या सीएसआयआरने रद्द करून घेतलं. शेवळांच्या पेटंटसाठी आता कोणाकडे जायचं?

कोपरीचा_वैद्य:
काकडं आवश्यक. आता मूळ मुद्दा. वर उल्लेख झालेला वैद्य बहुधा मी नव्हे, पण बोलतो. रसवाला वैद्य नाही, आणि ज्याला तुम्ही "आयुर्वेद" म्हणून पेल्यात घेताय तो आमच्यावर ढकलू नका. चरकसंहितेच्या कल्पस्थान या भागात कडू दुधीला इक्ष्वाकु नावाने स्वतंत्र अध्याय आहे. कशासाठी? वमनासाठी. म्हणजे ओकारी काढायला! मी बीपीच्या पेशंटला पहिलं वाक्य हेच सांगतो की चालू गोळी सोडायची नाही.

नौपाडेकर:
वैद्यबुवा, पाया पडतो. फक्त एक विचारतो, तुमच्यातलेच काही जण दवाखान्यात सर्रास ॲंटिबायोटिक लिहितात, त्यांना कोणता अध्याय लागू?

कोपरीचा_वैद्य:
त्यांना विचारा. मी त्यांचा नातेवाईक नाही.

येऊरचा_वारा:
बरं बाबांनो, चरक काढलात म्हटल्यावर गप्प बसतो. गोळीचं नौपाडेकरांचं बरोबर. बाकी लेक्चरचं नाही. उद्या दुधी चाखून बघतो.

येऊरचा_वारा:
सकाळी गेलो होतो. म्हटलं, दुधीचा तुकडा दाखव, चाखतो. तो म्हणाला, "साहेब, दुधी इथे कुठे? पहाटे घरीच रस काढतो, कॅन भरून आणतो." मागच्या दोन काकांनी "लवकर आटपा" केलं. आवळ्याचा घेतला आणि आलो.

सीकेपी_सून:
आवळा तरी चाखलात का?