वैचारिक निबंधात विरोधी मत लिहावे का?

प्रश्न : एक पालक, सातारा

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. ‘प्लास्टिकबंदी : योग्य की अयोग्य?’ या विषयावर तिने लिहिलेला निबंध ‘माहिती चांगली आहे, परंतु तुझे मत कोठे आहे?’ असा शेरा घेऊन परत आला. आरंभी प्लास्टिकचे उपयोग, पुढे तोटे आणि शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ हे वाक्य, असे त्या निबंधाचे स्वरूप आहे. मत ठामपणे मांड असे सांगितले, तर ती दुसरी बाजू पूर्णपणे गाळते आणि निबंध घोषणांसारखा होतो. दोन्ही बाजू लिही असे सांगितले, तर पुन्हा पहिलाच निबंध तयार होतो. विरोधी मत लिहावे की नाही, आणि लिहायचे झाल्यास आपले म्हणणे दुबळे न करता ते कसे लिहावे?

उत्तर १ : माध्यमिक शाळेतील मराठीची शिक्षिका

ताई, विरोधी मत अवश्य लिहावे. मात्र त्याला उत्तर देण्याच्या तयारीने लिहावे. त्याआधी तिला स्वतःचे विधान नेमके करायला सांगा. ‘प्लास्टिक घातक आहे’ या वाक्याशी कोणी वाद घालणार नाही, म्हणून त्यावर वैचारिक निबंध उभाही राहत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्या आणि एकदाच वापरून फेकण्याच्या थर्माकोलच्या ताटल्या, पेले अशा वस्तूंवर बंदी घातली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठेवला आणि दुधाच्या पिशव्यांना अटींसह सूट दिली. यांतले काय तिला पटते आणि काय खटकते, हे विचारा. भाजीवाल्या मावशींना आणि कारखानदाराला सारखाच दंड असावा का, यावर तिचे काही ना काही म्हणणे निघेलच, आणि तेथूनच तिचे मत सुरू होईल.

पुरावा हा दुसरा मुद्दा, आणि मुले सर्वाधिक चुकतात ती येथे. 26 जुलै 2005 रोजी ‘पिशव्यांमुळे मुंबई बुडाली’, असे कितीतरी निबंधांत असते. त्या वेळी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गटारे स्वच्छ असती तरी एवढे पाणी सहज वाहून गेले नसते, शिवाय भरती होती आणि मिठी नदीच्या पात्रातील भराव व बांधकामेही होती. ‘गटारांत अडकलेल्या पिशव्यांनी निचरा आणखी रोखला’ एवढेच लिहिले, तर विधान लहान होते, पण ते सहजासहजी खोडून काढता येत नाही.

आता विरोधी मताकडे येऊ. ‘प्लास्टिक स्वस्त असते’ हा दुबळा आक्षेप आहे. खरा आक्षेप असा : त्या पुरानंतर राज्यात 50 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आलीच होती, तरीही त्या मंडईत मिळत राहिल्या, मग नव्या बंदीने काय साधणार? याला उत्तर देताना तिला विचार करावाच लागेल. जुन्या नियमात पिशवीची जाडी पाहावी लागे, आणि भर बाजारात मायक्रॉन मोजणार कोण? सरसकट बंदीत पिशवी नजरेनेच ओळखता येते. हे उत्तर अपुरे आहे असेही कोणी म्हणेल. पण असे उत्तर लिहिणाऱ्या मुलीचे मत कोठे आहे, हा प्रश्न शिक्षकांना पडणार नाही.

उत्तर २ : इतिहासाचा वाचक, पुणे

बाईंच्या म्हणण्याला मी एक जोड देतो. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडून मगच सिद्धान्त, म्हणजे आपले निर्णायक मत, सांगण्याची रीत होती, आणि पूर्वपक्ष प्रतिपक्षालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावा लागे. शालेय निबंधात नेमके हेच हरवते. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याचे उदाहरण पाहा. शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे किमान वय त्याने 10 वरून 12 वर्षांवर नेले. आगरकरांनी ‘सुधारका’तून त्याचा पुरस्कार केला आणि टिळकांनी ‘केसरी’तून विरोध केला. ‘टिळकांना बालविवाह हवे होते’ असे लिहून ते खोडून काढणे अगदी सोपे आहे. परंतु मुलींचे लग्न सोळाव्या आणि मुलांचे विसाव्या वर्षाआधी करू नये, असे बंधन लोकांनी स्वेच्छेने घ्यावे, ही सूचना त्यांनीच केली होती. त्यांचा मुख्य आक्षेप परकीय सरकारने कायद्याने हस्तक्षेप करण्याला होता. माझा कल आगरकरांकडे आहे, कारण समाजाचे मन वळेपर्यंत त्या मुलींनी काय सोसायचे, याचे उत्तर टिळकांच्या भूमिकेत मला सापडत नाही. मात्र हे वाक्य लिहिण्याचा अधिकार टिळकांची भूमिका नीट समजून घेतल्यावरच मिळतो.

उत्तर ३ : उत्तरपत्रिका तपासण्याचा अनुभव असलेले निवृत्त शिक्षक

वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु परीक्षेत जागा आणि वेळ थोडा असतो, हेही लक्षात घ्यावे. दोन कारणे, त्यांतील एकाला ठोस पुरावा आणि एका आक्षेपाला उत्तर, एवढे पुरते. आक्षेप अगदी शेवटी ठेवू नये, कारण त्याचे उत्तर घाईत उरकले जाते. पाठ केलेली सुभाषिते पेरण्यापेक्षा ‘कारण’ आणि ‘तरीही’ हे शब्द योग्य जागी आले आहेत का, ते तिने स्वतः तपासावे.

मूळ प्रश्नकर्त्या पालकांचे उत्तर

सर्वांची मनापासून आभारी आहे. मुलीने पहिले वाक्य आता असे लिहिले आहे : ‘पिशव्यांवरील सरसकट बंदी योग्य आहे, परंतु पहिल्या दंडाचा भार विक्रेत्यापेक्षा उत्पादकावर अधिक असावा.’ मात्र दुधाच्या पिशव्यांना सूट असताना बंदीला ‘सरसकट’ म्हणावे का, अशी शंका आता तिलाच आली आहे.

उत्तर १ च्या शिक्षिका

तो शब्द तिने काढू नये. पुढच्याच वाक्यात ती सूट का योग्य किंवा अयोग्य आहे, ते सांगावे. तिचा आक्षेपाचा परिच्छेद तेथेच तयार होईल.