मदत हवी आहे: गढीच्या दरवाजावरचा प्राणी शरभ की व्याल?

मंडळी, आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीकाठी. पडक्या गढीच्या दरवाजावर डाव्या बाजूला हातभर दगडात एक प्राणी कोरलाय. गावात त्याला सरसकट वाघ म्हणतात. पण अंग सिंहाचं, खांद्यावर पंखासारख्या रेषा आणि पुढच्या पंजाखाली चिरडलेला हत्ती, सोंड वर वळलेली. मला तो शरभ वाटतो, नरसिंहाला आवरायला शिवाने घेतलेलं रूप. पुराणकथांत शरभाला आठ पाय, इथे चारच. पण किल्ल्यांच्या दरवाजांवरचे शरभही बहुतेक चार पायांचेच असतात, हे फोटोंशी ताडून पाहिलं. तरी व्यालही (देवळांवर कोरतात तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी) हत्तीवर झेपावताना कोरतात, तिथे गाडी अडते.

शिलालेख नाही. तोंडावर चुन्याचे थर आहेत, त्यामुळे दात-शिंगं कळत नाहीत. चुना मी कुणाला खरवडू दिलेला नाही. तिरप्या उन्हातले फोटो सोबत आहेत.

डागडुजीत यावर ऑइलपेंट मारायचं घाटतंय. ते थांबवायचंच आहे, म्हणून ग्रामसभेत ठोस काही सांगावं लागेल. शरभ आणि व्याल नेमके कशावरून वेगळे ओळखायचे? आणि दगडाला इजा न होता चुना काढून द्यायला कुणाला सांगावं?