शिकायला परदेशी, सुट्टीला डोंगरातल्या गावी : खान्देशकरांनो, अनुभव सांगा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं आता किर्गिझस्तान, जॉर्जिया, ताजिकिस्तान, रशिया अशा ठिकाणी डॉक्टरकी शिकायला जातात. घरी पाहुणे बसले की त्यांच्याबद्दल दोनच प्रश्न निघतात : वर्षाची फी किती, आणि परत आल्यावर इथं डॉक्टरकी करण्यासाठीची ती परीक्षा निघेल ना? सुट्टीत ही मंडळी कुठे भटकतात हे कुणी विचारत नाही. पोरंही सांगत नाहीत, कारण 'तुला तिथं शिकायला पाठवलंय' हे उत्तर ठरलेलं.

म्हणून हा धागा. राजधानीतले मॉल नकोत, समुद्रकिनारेही नकोत. डोंगरात खूप आत असलेलं, पोचेपर्यंत कंबर बोलायला लागते असं गाव हवं. कसे गेलात, काय खाल्लं, घरी काय थाप मारली, सगळं येऊ द्या. सुरुवात मी करते.

तापीकाठची (भुसावळ)

मी बिश्केकला, किर्गिझस्तानच्या राजधानीत होते. गाव कराकोल. बिश्केकहून साधारण 400 किलोमीटर, इसिक-कुल तळ्याच्या पूर्व टोकाशी, पाठीशी तिएन शानच्या रांगा. पश्चिम बस स्थानकावरून मार्शरुतका, म्हणजे मिनीबस मिळते. तिला वेळापत्रक असं नसतं, शेवटची सीट भरली की ती सुटते. बूमची खिंड आणि बालिकची गाव मागे पडलं की उजव्या खिडकीत तळं सुरू होतं आणि पुढे तासन् तास संपतच नाही. 1,600 मीटर उंचीवरचं, 180 किलोमीटरच्या आसपास लांब, जरासं खारं पाणी. बाहेर कितीही बर्फ पडो, हे तळं गोठत नाही.

शनिवारी डुंगान मशीद पाहिली. एकोणिसाव्या शतकात चीनमधून पळून आलेल्या मुसलमानांच्या वंशजांची ही लाकडी मशीद 1910 मध्ये पुरी झाली. खिळे वापरलेले नाहीत, छप्पर चिनी देवळाचं, रंग निळे-लाल-पिवळे. त्याच डुंगान लोकांचं अशल्यान-फू बाजारात मिळतं : थंडगार, आंबट, वरून मिरचीचं तेल घातलेल्या शेवया आणि स्टार्चच्या वड्या. मेसमधल्या उकडलेल्या बटाट्याने कंटाळलेल्या माझ्या जिभेला तिथं पहिल्यांदा घाम फुटला. दुसरा वाडगा मागवला.

पण मला सांगायचंय ते रविवारच्या गुरांच्या बाजाराबद्दल. तो पहाटेच भरतो, ऊन वर आलं की पांगतो. मेंढ्या, बैल आणि घोडे, घोडे, घोडे. माझे आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला न चुकता जायचे. घोडा घ्यायची ऐपत कधीच नव्हती, पण दात बघून वय सांगायची हौस मोठी. मी लहानपणी त्यांच्या सोबत हिंडलेली. कराकोलच्या बाजारात पांढरी उंच कल्पाक टोपी घातलेला एक म्हातारा घोड्याचा ओठ वर करून दात दाखवत होता. मी पुढे होऊन बघितलं आणि पाच बोटं वर केली. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि सहा बोटं दाखवली. मग शेजाऱ्यांना बोलावून माझ्याकडे बोट करत काहीतरी सांगितलं, सगळे हसले. सौदा करणारे एकमेकांचा हात धरून जोरजोरात हलवत राहतात, भाव पटेपर्यंत सोडत नाहीत. आपल्याकडच्या रुमालाखालच्या सौद्यापेक्षा हे मला प्रामाणिक वाटलं, निदान आजूबाजूच्यांना दिसतं तरी.

त्यातले बरेच घोडे खाण्यासाठी विकले जातात हे मला मैत्रिणीने परतीच्या गाडीत सांगितलं. आजोबांना बाजाराचं सगळं वर्णन फोनवर ऐकवलं, हे तेवढं गाळलं.

पळसाचं पान (शहादा)

ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे, तिथून खोरोग. आधीच सांगतो, हे शनिवार-रविवारचं गाव नाही. आम्ही मार्चमधल्या नवरोजच्या सुट्टीला रविवार जोडून गेलो. खोरोग ज्या भागात आहे त्या गोर्नो-बदख्शानसाठी व्हिसाशिवाय वेगळा परवाना लागतो, तो खिशात नसेल तर वाटेतल्या चौकीवरून परत. शेअर जीप पहाटे निघते आणि रस्ता चांगला असेल तर मध्यरात्रीपर्यंत पोचवते. आमचा चांगला नव्हता.

रस्त्याचा मोठा भाग पंज नदीच्या काठाने जातो. नदीपलीकडे अफगाणिस्तान. काही ठिकाणी पात्र इतकं अरुंद की पलीकडच्या पायवाटेवरून गाढव हाकत चाललेला माणूस स्पष्ट दिसतो, गाढवाच्या पाठीवरची पोतीसुद्धा. आमच्या जीपमध्ये कुणी बोलत नव्हतं. मीही फोटो काढले नाहीत, चौकीवाल्यांची भीती होती हे खरं कारण.

खोरोगला एका घरी उतरलो. पामिरी, म्हणजे या पामीर डोंगरातल्या लोकांच्या घराला पाच खांब असतात, छताच्या मध्ये एकात एक चौकोन रचून उजेडाला झरोका ठेवलेला. सकाळी शीर चाय : दुधाचा चहा, त्यात मीठ आणि लोणी, त्यात पाव कुस्करून खायचा. पहिला घोट जड गेला. नंतर गावातल्या चढावर दम लागला तेव्हा त्याची किंमत कळली. शहर 2,000 मीटरच्या वर आहे आणि तिथली वनस्पती बाग त्याहून उंचावर.

रेंज आली तशी आईचा फोन : "कथा शे रे तू?" लायब्ररीत आहे म्हणालो. मागे कोंबडा आरवला. "जेवना का?" एवढंच विचारलं तिनं, पुढं काही नाही.

ज्वारीचं कणीस (अमळनेर)

जॉर्जियातलं मेस्तिया. राजधानी तिबिलिसीहून झुगदिदी शहरापर्यंत रेल्वे, तिथून मिनीबस. स्वानेती भागातलं गाव, घराघराला चिकटून दगडी बुरूज, बहुतेक मध्ययुगातले. वैरी आले की कुटुंब आत शिरायचं. आमच्या घरी माळ असल्याने तिथली प्रसिद्ध मांसाची कुब्दारी बाद, पण चीज घातलेल्या घोटलेल्या बटाट्यावर, ताशमिजाबीवर, निभावलं. येताना स्वान मीठ आणलं : लसूण, धणे, मेथीच्या जातीचा पाला, लाल मिरची. आईनं ते वांग्याच्या भरतात घातलं. भरीत बिघडवलं असं वडील म्हणाले आणि परत वाढून घेतलं.

केळीवाला (रावेर)

माझी मुलगी बिश्केकला दुसऱ्या वर्षाला आहे. वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. आता जानेवारीत मैत्रिणींबरोबर नारिनला जाते म्हणते. नकाशात बघितलं तर सगळा डोंगरच. गाड्या चालतात का? आम्हाला इथं 45 डिग्रीची सवय, त्या थंडीचा अंदाज येत नाही. कुणी गेलेलं असेल तर स्पष्ट सांगा.

अक्राणी (धडगाव)

काका, मी गेलोय, तेही जानेवारीतच. बिश्केकहून अंतर 300 किलोमीटरच्या पुढे आहे. कोचकोर गाव सोडल्यावर दोलोन खिंड लागते, 3,000 मीटरहून थोडी वर. पण तो हमरस्ता आहे, तोरुगार्त खिंडीमार्गे चीनला जाणारे ट्रक त्यावरूनच जातात, त्यामुळे बर्फ काढलेला असतो. जोराची हिमवृष्टी असेल तर रस्ता बंद ठेवतात, तेव्हा ती सोमवारी परत पोचेलच असं धरून चालू नका. सकाळची गाडी धरायला सांगा, खिंड उजेडात ओलांडलेली बरी. आणि सोमवारी प्रॅक्टिकल असलेला आठवडा टाळायला सांगा.

नारिन दोन डोंगरांच्या मध्ये नदीकाठाने लांबट पसरलेलं शहर आहे. तीच नदी पुढे कारा दर्याला मिळते आणि दोन्हींची सिर दर्या होते. हिवाळ्यात बघण्यासारखं फार नाही, ताश रबातची जुनी दगडी सराय तिथून शंभर किलोमीटरहून लांब, आणि 3,000 मीटरच्या वर. ती उन्हाळ्यासाठी ठेवावी. पारा उणे 20 च्याही खाली उतरतो. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर बॅटरी झोपते. पासपोर्टची प्रत, वसतिगृहात लेखी नोंद, आणि रात्री मुक्काम कुठे तो फोन नंबर तुमच्याकडे असावा.

कपडे तिला बिश्केकच्याच दोर्दोई बाजारातून घेऊ द्या, आतून घालायचे थर्मल आणि लोकरी मोजे स्वस्त मिळतात. इकडून स्वेटर पाठवू नका, आपला स्वेटर तिथं घरात घालायचा.

केळीवाला (रावेर)

स्वेटर कालच कुरियर केला. तीन. थर्मलचे पैसे पाठवतो. सोमवारच्या प्रॅक्टिकलचं तिला आज विचारतो.