उत्तरेच्या बोळात ऊनच नाही, कोबा करून टाकू का?

अनगोळकर:
नमस्कार. घराच्या उत्तरेला पाच फूट रुंद, तीसेक फूट लांब बोळ आहे. पलीकडे शेजाऱ्यांचं दुमजली घर. 2021 पासून झटतोय. मोगरा लावला, नुसती पानं आली. लॉन घातलं, पहिल्याच पावसाळ्यात त्याचं शेवाळ झालं. मग सावलीत येतात म्हणून नेचे आणले. वर्षभर झकास होते, आणि मे महिन्यात करपून कागद झाले. पाणी रोज घालत होतो! मुलगा म्हणतोय, सगळा कोबा करून टाकूया. काय करू?

तांबडी माती:
नेचे उन्हानंच करपले. बेळगाव 16 अंश अक्षांशाच्या जरासं खाली. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचं ऊन उत्तरेच्या बाजूनं येतं. जूनपासून ढग, म्हणून कळत नाही. मेमध्ये तेवढी हिरवी जाळी बांधा.

खानापूरचं परडं:
कोबा नको ओ दादा. आम्ही अर्ध्या बोळाला केला होता. पाण्याला जायला जागा राहिली नाही, ते भिंतीतच मुरलं. आमची भिंत चिऱ्याची, जांभा पाणी पितो. स्वयंपाकघरात आतून पोपडे सुटले तेव्हा 2016 मध्ये घण घालून तो फोडला, आणि बाग तिथून सुरू झाली म्हणा.

आधी पाण्याची वाट करा. भिंतीपासून फूटभर जागा मोकळी सोडून, गटाराकडं उतार देऊन मी चर काढला आणि त्यात फुटकी कौलं भरली. छप्पर उतरवलं होतं, त्यामुळं कौलांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांची पन्हाळ आमच्याच बोळात पडायची, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं, ते असो.

हळद सपाट जमिनीत लावलेली. 2019 च्या ऑगस्टमधला पाऊस तुम्हाला आठवत असेलच. कंद कुजून वास सुटला. अळू मात्र त्याच पाण्यात माझ्या कमरेला लागला! तेव्हापासून हळद वरच्या टोकाला, वीतभर उंच वरंब्यावर, आणि अळू खाली पन्हाळीपाशी. सावलीत हळकुंडं बारीकच पोसतात, पण मला पानं हवीत, नागपंचमीच्या पातोळ्यांना. पान हातभर होतं.

मधल्या पट्ट्यात सोनटक्का. पावसाळ्यात संध्याकाळी खिडकी उघडली की घरभर वास. पण तो फार पसरतो. दर उन्हाळ्यात निम्मे गड्डे उपटते, नाहीतर हळदीला जागा ठेवत नाही. मोगरा मीही तीन वर्षं कुरवाळला, शेवटी कुंडीत घालून गच्चीवर नेला. त्याच वर्षी फुलला मेला.

खरा त्रास गोगलगायींचा, त्या मोठ्या शंखाच्या. रात्री जेवणं झाली की बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. हातमोजे घाला. मीठ मातीवर फेकू नका, मी फेकलं होतं, तिथं पुढं वर्षभर काही धड उगवलं नाही. पालापाचोळा झाडांच्या बुडाशी घाला, भिंतीला टेकवून नको, वाळवी चौकटीपर्यंत जाते.

अनगोळकर:
अक्का, उतार आमच्यात उलटा आहे, घराकडं! तो आधी बघतो. अळू कुठला लावायचा? मागं एकदा शेजारून आणलेला खाऊन घसा धरला होता.

खानापूरचं परडं:
वडीला काळ्या देठाचा, फतफत्याला हिरव्या देठाचा. शोभेचा लावलेला असतो त्याला हात लावू नका. खायचाही खाजतोच, म्हणून चिंच नाहीतर आमसूल घालून चांगला शिजवायचा, कच्चा राहिला की घसा धरतो. चिरताना हाताला तेल लावा. आणि कंद आत्ता नको, उतार फिरवून झाला की मेअखेर लावा.