एक्झिमा : कडुलिंबाचा लेप आणि ऑलिव्ह ऑइलबद्दल

इथे एका ताईंनी बाळाच्या एक्झिमावर (कातडी कोरडी पडून खाजरे लाल चट्टे येतात तो त्रास) कडुलिंबाचा लेप आणि ऑलिव्ह ऑइलचं मालिश करू का असं विचारलंय, त्यांना कळकळीनं सांगते, प्लीज लेप लावू नका. माझ्या लेकीला गुडघ्यामागे चट्टे होते, तेव्हा मी पण लावला होता, पोरगी रात्रभर आग आग करून रडली, ते अजून आठवलं तरी पोटात गलबलतं. चिरलेल्या कातडीवर असलं काही झोंबतंच.

ऑलिव्हचं म्हणाल तर २०१३ मध्ये मोठ्या माणसांवर एक प्रयोग झाला होता, दिवसातून दोनदा थोडे थेंब, चार-पाच आठवडे, तर ऑलिव्हनं त्वचेचा वरचा थर कमकुवत झाला आणि सूर्यफूल तेलानं तसं झालं नाही, कारण सूर्यफुलात त्वचेला सांभाळणारं लिनोलेइक अ‍ॅसिड जास्त, ऑलिव्हमध्ये त्वचेचा थर सैल करणारं ओलेइक अ‍ॅसिड जास्त. एक्झिमासाठी प्रिमरोज ऑइलच्या (एका फुलाच्या बियांचं तेल) गोळ्यांवर पैसे घालवू नका, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्याच आढाव्यात २७ अभ्यास तपासून फायदा दिसला नव्हता.

आम्हाला खरा आराम ओट्सनी पडला. त्यात अ‍ॅव्हेनॅन्थ्रामाइड नावाची द्रव्यं असतात, ती खाज आणि लाली कमी करतात, अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओट्सला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिलीये. साधे ओट्स मिक्सरमधून अगदी पिठासारखे काढायचे, त्यातलं चमचाभर पीठ पाण्यात टाकून बघा, पाणी दुधाळ झालं म्हणजे जमलं. मग ते पीठ आंघोळीच्या कोमट पाण्यात घालून बाळाला दहा मिनिटं त्यात ठेवायचं, मग अंग टिपून लगेच मॉइश्चरायझर. टब फार निसरडा होतो हं, बाळाला धरूनच ठेवा. आणि डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम यासाठी बंद करू नका, आम्ही दोन्ही चालू ठेवलं होतं.